उजेडात झोपलेला खडा

मीना सरवदे नेमकं काय काम करते, हे तिच्या आईला कधी कुणाला धड सांगता आलं नाही. चाळीतली रंभाबाई नळावर गाठून विचारायची, "नागू, तुजी मीना कालिजात काय करती गं?"

"डोळ्याचं कायतरी हाय."

"मंजी डाक्टर झाली म्हन की."

"न्हाय, डाक्टर न्हाय."

"मग चष्मं इकती?"

यावर नागूबाई भरलेली घागर कमरेवर घ्यायची आणि चालू लागायची. लेक एम. ए. झालेली, सोलापुरातल्या कॉलेजात मानसशास्त्र शिकवणारी, पुण्याच्या सरांच्या हाताखाली संशोधन करणारी. आणि शेजारणीच्या तोंडावर फेकायला आपल्याकडे एक वाक्य नसावं, याचं नागूबाईला फार वाटायचं.

खरं तर वाक्य सोपं होतं. माणसाला दिसतं कसं, आणि डोळे चांगले असूनही कधीकधी समोरचं दिसत का नाही, हा मीनाचा अभ्यास. त्यासाठी तिनं सुताराकडून एक काळी पेटी करून घेतली होती. पेटीच्या भोकाला विद्यार्थ्यानं डोळा लावायचा, आत क्षणभर चित्र चमकायचं, आणि त्याला काय दिसलं ते मीना वहीत लिहायची. कॉलेजातले इतर प्राध्यापक त्या पेटीला 'सरवदेबाईंचा सिनेमा' म्हणत. मीना हसण्यावारी न्यायची. गिरणी कामगाराच्या घरातून वर आलेल्या बाईला लोकांचं बोलणं कुठं मनावर घ्यायचं आणि कुठं नाही, हे लवकर कळतं.

नागूबाई मिलमध्ये घडी खात्यात होती. साच्यावरून, म्हणजे मागावरून, उतरलेलं कापड टेबलावर ओढत न्यायचं, गाठ, जाड धागा, ओढला गेलेला धागा असा दोष दिसला की खडूची खूण करायची, हे तिचं काम. चार नंबरच्या टेबलावर बावीस वर्षं. तिच्या टेबलावरून गेलेलं कापड परत आलं नाही, असं मुकादमच सांगायचा.

चौऱ्याहत्तर सालच्या सुरुवातीला मिलनं घडी खातं जुन्या खिडक्यांच्या शेडमधून नव्या हॉलमध्ये हलवलं. छताला ट्यूबलाइटच्या रांगाच रांगा, कुठं म्हणून अंधार नाही. नारळ फुटला, पेढे वाटले. आणि महिन्याभरात व्यापाऱ्यांकडून कापड परत यायला लागलं. दोष होते आणि खडूची खूण नव्हती.

एका संध्याकाळी नागूबाई घरी येऊन भिंतीला टेकून बसली. "मीने, नव्या हालात उजेड लई झालाय. म्हनून दिसंना."

आता सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे. मीना हसली. मनात आई काहीही बोलते असं आलं, तेही असो. पण तिनं वर समजावलं. उजेड वाढला की दिसणं वाढतं, त्याचा आलेख असतो, वय झालं की डोळ्यातली बाहुली लहान होते, वगैरे वगैरे. नागूबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि भाकरी थापायला उठली. प्राध्यापकांना घरातही फळा लागतो, दुसरं काय.

जूनमध्ये मॅनेजर आबासाहेबांनी नोटीस लावली. घडी खात्यातल्या पंचेचाळिशीपुढच्या चार बायकांची नजर गेली, तेव्हा महिनाअखेर त्यांना झाडूकामाला लावायचं. नागूबाई, चन्नम्मा आणि आणखी दोघी.

त्या रात्री नागूबाई जेवली नाही. "झाडायला लाज न्हाय गं," ती म्हणाली. "माज्या आज्जीनं गावचं रस्तं झाडलं. पर तवा तिला दुसरं काम कुनी देतच नव्हतं. मी डोळ्याचं काम शिकले, बावीस वरसं केलं. आता डोळं ग्येलं म्हनून झाडू देत्यात, ते खोटं हाय. माजं डोळं हायती." डोळ्यांवर प्रबंध लिहिणारी लेक, आणि आईच्या डोळ्यांसाठी तिच्याकडे शब्द नव्हता.

रविवारी संध्याकाळी नागूबाई ज्वारी निवडायला बसली. मीनानं दिवा लावला. नागूबाईनं सूप उचललं आणि सरळ उंबऱ्यावर जाऊन बसली. मावळतीचं ऊन दारातून आडवं येत होतं.

"आई, हितं बस की. दिवा लावलाय."

"नगं. दिव्यात खडा झोपतो."

"म्हणजे?"

"डोक्यावर दिवा असला की खडा ज्वारीत झोपून ऱ्हातो. हितं आडव्या उनात उठून बसतो. बघ."

मीना बघायला वाकली. ज्वारीच्याच रंगाचा खडा, पण त्याच्या मागं एवढीशी काळी सावली. खडा दिसत नव्हता, सावली दिसत होती. मीना तशीच वाकून राहिली. चार महिन्यांपूर्वी हीच गोष्ट आईनं सांगितली होती, आणि आपण तिला आलेख शिकवला होता, हे आठवून तिचे कान तापले.

दुसऱ्या दिवशी काळी पेटी कोपऱ्यात गेली. मीनानं मांजरपाटाचे तुकडे आणले, त्यात सुईनं गाठी घातल्या, आणि चाळीस विद्यार्थ्यांना ते दाखवले, एकदा वरच्या दिव्यात, एकदा कापडाच्या पातळीला बाजूनं धरलेल्या दिव्यात. उजेड दोन्ही वेळा मोजून सारखा ठेवला. बाजूच्या दिव्यात जवळजवळ दीडपट गाठी सापडल्या. उजेड किती, यापेक्षा तो कुठून येतो, यावर सगळं होतं. जुन्या शेडमध्ये तो खिडक्यांतून आडवा यायचा; नव्या हॉलमध्ये छताच्या रांगांनी चारी बाजूंनी उजेड ओतून सावलीच पुसून टाकली होती.

वही घेऊन ती आबासाहेबांकडे गेली. माणूस वाईट नव्हता, पण मॅनेजर होता. त्यांनी वही चाळली आणि चष्म्यावरून पाहिलं. "बाई, चार नंबरच्या टेबलावर तुमच्या मातोश्री ना?"

"हो."

"मग हे मी कसं धरू?"

मीना याच प्रश्नाची तयारी करून आली होती. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. कापड तुम्ही निवडा, दोषांची यादी तुम्ही करा, तुमच्या खिशात ठेवा. घडी खात्यातल्या आठही बायका दोन्ही दिव्यांत तपासतील. चौघी आधी वरच्या, चौघी आधी बाजूच्या. मी हॉलबाहेर बसते. प्रत्येकीच्या खुणा तुमचा कारकून मोजून पुसेल, आकडेही तोच काढेल."

"आणि फरक नाही निघाला तर?"

"तर नोटीस लागू करा. मी अवाक्षर काढणार नाही."

आबासाहेबांनी वही मिटली आणि कबूल केलं. घरी येऊन तिनं आईला सगळं सांगितलं. नागूबाईनं एवढंच विचारलं, "तू भायेर बसनार?"

"हो. मी आत असले तर लोक म्हणतील, लेकीनं खूण दाखवली."

"बस मग भायेर. मला काय, मी आपलं काम करनार."

परीक्षेचा दिवस शुक्रवार. मीना कडुनिंबाखालच्या बाकावर बसली. आत आठ बायका एकामागून एक टेबलावर जात होत्या, आणि खिडकीतून तिला नुसत्या पाठी दिसत होत्या. आईची हिरव्या लुगड्यातली पाठ आली, वाकली, हळूहळू टेबलाच्या कडेनं सरकली. मीनानं शेकडो लोकांना पेटीत डोळा लावायला सांगितलं होतं; नुसतं बघत बसणं एवढं जड असतं, हे तिला त्या बाकावर कळलं. खडू उचललेला दिसला की तिचा जीव वर यायचा, आणि खूण बरोबर की चूक हे कळायला मार्ग नव्हता.

अडीच तासांनी आबासाहेब स्वतः बाहेर आले. हातात कागद. त्यांनी मीनाला आत बोलावलं आणि सगळ्यांपुढं वाचलं. वीस दोषांपैकी वरच्या ट्यूबमध्ये एकेकीला सरासरी अकरा सापडले. बाजूच्या दिव्यात सतरा. आणि ज्या चौघींची नजर गेली होती, त्या बाजूच्या दिव्यात तरण्या बायकांच्या पुढं होत्या. नागूबाई अठरा. चन्नम्मा एकोणीस.

हॉलमध्ये कल्ला झाला. आबासाहेबांनी खिशातून नोटिशीची प्रत काढली आणि तिथंच फाडली. मग मीनाकडे वळून म्हणाले, "शाबास, बाई! एवढं शिकलात म्हणून हे शोधता आलं."

मीनाला गप्प राहता आलं असतं. नाही राहिली. "साहेब, हे मी शोधलं नाही. नव्या हॉलमध्ये उजेड जास्त झाला म्हणून दिसत नाही, हे आईनं चार महिन्यांपूर्वी सांगितलं होतं. तेव्हा मी हसले. रिपोर्टमध्ये पहिलं नाव तिचं असेल, माझं त्याच्याखाली."

सगळ्या बायका नागूबाईकडे बघायला लागल्या. तिनं पदरानं हातावरचा खडू पुसला. "हसली व्हती, व्हय," ती म्हणाली. "पर शिकल्याली मान्सं हसून मोकळी व्हत्यात. ही परत इचारायला आली." एवढं बोलून तिनं चन्नम्माकडे मोर्चा वळवला. "आनि तुला माज्यापरीस एक जास्त घावला कसा गं?"

आठवड्याभरात वायरमननं ट्यूब खाली आणल्या आणि टेबलांच्या कडेला कापडाच्या पातळीत बसवल्या. उजेड मोजायला मीना आपलं यंत्र घेऊन मिलमध्ये गेली. त्याच दिवशी सूत गुंडाळायच्या कांडीखात्यातल्या बायका नवे दिवे बघायला जमल्या होत्या, आणि त्यांत चाळीतली रंभाबाईही होती. ती काय सोडते! भर हॉलमध्ये तिनं विचारलं, "नागू, ही तुजी मीना हितं काय करती गं?"

नागूबाईनं कापड ओढायचं थांबवलं. यावेळी तिला घागर उचलावी लागली नाही. कंबर सरळ करून, मुकादमालाही ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली, "आमाला काय दिसतं, ते ही सायबाला दाखवती."

मीनाचा हात यंत्रावरच थांबला. पुण्याच्या सरांनीही तिच्या कामाचं असं वर्णन कधी केलं नव्हतं. डोळे भरून आले, आणि ती टेबलाच्या कडेला तशीच उभी राहिली.

"मीने," नागूबाई म्हणाली, "सर की बाजूला. उजेड अडवलास."