धबधब्यापाशी सलीमभाई बोलले

नाशिकला मुलाकडे राहायला आल्यापासून सलीमभाईंचं बोलणं कमी होत गेलं आणि गणपती उठेपर्यंत जवळजवळ थांबलंच.

त्यांच्या बायकोला, हाजराबींना, कारण ठाऊक होतं. मालेगावात यंत्रमागावर जन्म काढलेल्या माणसाला हळू बोलता येत नाही. कारखान्यात लूमांचा खडखडाट एवढा, की तिथं आवाजाचा उपयोगच नसे. कामगार एकमेकांचे ओठ वाचत. बाहेर पडल्यावर मात्र कान बधिर झालेले आणि तोंडून निघेल तो आवाज भोंग्यासारखा. मोहल्ल्यात सगळेच तसे, म्हणून कुणाला काही वाटत नसे. गंगापूर रोडच्या फ्लॅटमध्ये सलीमभाईंनी मीठ मागितलं तरी खालच्या मजल्यावरचं कुत्रं भुंकायचं. आणि त्यांनी तोंड उघडलं रे उघडलं, की सून नाझिया उठून खिडक्या लावून घ्यायची. दरवेळी.

सलीमभाईंनी ते पाहिलं आणि तोंड मिटलं. शनिवारी झाडताना हाजराबींना पलंगाखाली त्यांची पिशवी भरलेली सापडली. दोन लुंग्या, दाढीचं सामान, औषधं. विचारलं तर त्यांनी मान फिरवली. हा माणूस न सांगता निघून जाणार, हे हाजराबींनी ओळखलं.

रविवारी मुलानं, रिझवाननं, सगळ्यांना गाडीत घातलं आणि हरसूलच्या बाजूला राखीव जंगलातला धबधबा दाखवायला नेलं. फाटकावर सलीमभाईंनी बऱ्याच दिवसांनी आपणहून तोंड उघडलं.

"तिकीट किती?"

झाडावरची माकडं पांगली. चौकीतला वनरक्षक धोंडीराम म्हणाला, "बाबा, जरा हळू. जंगल हाय हे."

सलीमभाई पुन्हा गप्प. हाजराबींनी कपाळाला हात लावला. आता जंगलानंही तेच सांगावं!

पायवाटेनं उतरताना पाणी दिसायच्या आधी ऐकू आलं. मग वळणावर कडा उघडा पडला. काळ्या कातळावरून पाणी दोनदा आपटत खाली येत होतं आणि शेवटी एकदम सुटून कुंडात कोसळत होतं. तुषारांचा धूर वरच्या झाडांपर्यंत चढत होता. माणसं कानांपाशी तोंड नेऊन ओरडत होती, तरी कुणाचं कुणाला कळत नव्हतं. रिझवान, नाझिया आणि छोटी रिदा पलीकडच्या खडकावर फोटो काढायला गेली.

सलीमभाई बराच वेळ पाण्याकडे बघत राहिले. मग हाजराबींकडे वळले आणि त्यांचे ओठ हलू लागले. आवाज न करता. हाजराबी त्याच कारखान्यात सुताच्या कांड्या भरायच्या. दोघांचं लग्नाआधीचं सगळं बोलणं असंच झालेलं.

"सगळे लूम एकदम चालू केल्यासारखं वाटतंय बघ."

"ते राहू द्या. पिशवी कशाला भरली?"

"उद्या जातो मालेगावला. कापडाच्या घड्या घालायचं काम आहे. मालकाला फोन केला."

"आणि मी?"

"तू राहा. तुझा आवाज चालतो इथं."

"तुमचा चालत नाही असं कोण म्हणालं?"

"म्हणायला कशाला पाहिजे? खिडक्या लावते ती. चार लोकांत लाज वाटते तिला. पोरीचं चुकत नाही."

कारखान्यात खासगी बोलायचं तर तोंडासमोर गमछा धरायची रीत होती. पलीकडच्या लूमवरच्यालाही ओठ दिसतात ना! इतक्या दिवसांत दोघंही ती रीत विसरली. आणि रिझवानचा पाळणा त्याच कारखान्यात टांगलेला होता, हेही.

पलीकडच्या खडकावर रिझवाननं फोन खाली केला. त्याचे ओठ हलले.

"अब्बा, खालच्या बाई तक्रार घेऊन आल्या होत्या. नाझियानं त्यांना सुनावलं, की अब्बा आपल्या घरात बोलणार आणि मोठ्यानंच बोलणार. फार तर मी खिडक्या लावते. तुम्हाला गप्प करायला नाही लावत ती. मोकळं बोलता यावं म्हणून लावते."

"आधी का नाही सांगितलंस?"

"तुम्ही कधी विचारलंत?"

नाझिया नवऱ्याची बाही ओढत होती. हा बिनआवाजाचा कुणाशी बोलतोय, तिला कळेना.

हाजराबी खडकावर बसल्या. कालपासून छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलला होता.

"गमछा धरायला विसरलो आपण," सलीमभाई म्हणाले.

"बरं झालं विसरलो. आता मालकाला फोन करा, येत नाही म्हणून. इथून नको, वर गेल्यावर."

परतताना ऊन उतरलं होतं. गाडीत वारा छान येत होता. हरसूल मागे पडलं तसे सलीमभाई मागच्या सीटवरून गरजले, "नाझिया! बेटा, काचा वर कर. मला बोलायचंय."

रिदा दचकून जागी झाली. नाझिया हसत हसत काचा वर करू लागली. मग त्र्यंबकपर्यंत दुसऱ्या कुणाला तोंड उघडायला मिळालं नाही. हाजराबींनी ओढणी कानांवरून घट्ट गुंडाळली आणि गाढ झोपून गेल्या.