शंभराचं मिनिट

माझे वडील चिंचवडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं टर्नर होते. देवभोळे, गरीब स्वभावाचे, कुणाशी भांडण नाही की तंटा नाही. त्या एकतीस वर्षांत त्यांनी मनापासून द्वेष केला तो एकाच माणसाचा. त्याचं नाव आम्हाला कधी कळलं नाही. घरात त्याला घड्याळवाला म्हणायचे. दर चार-पाच वर्षांनी माणूस बदलायचा, घड्याळवाला तोच राहायचा.

तो हातात एक फळी घेऊन लेथच्या मागे उभा राहायचा. फळीला वरच्या कोपऱ्यात स्टॉपवॉच बसवलेलं. बाबांनी जॉब उचलला, बांधला, फिरवला, काढला, प्रत्येक हालचालीचा वेळ तो लिहून घ्यायचा. मग आठवड्याभरात नोटीस लागायची, की हे काम आता सहा मिनिटांत नाही, पाच मिनिटांत झालं पाहिजे. त्यावर कामगारांचा उपाय एकच, हात जड करायचा. घड्याळवाला मागे उभा आहे तोवर जॉब धरणारा चक दोनदा पुसायचा, माप तीनदा घ्यायचं, चष्मा काढून परत घालायचा. बाबा जेवताना ताट फळीसारखं धरून त्याची नक्कल करायचे आणि आम्ही भावंडं हसून लोळायचो. एकदा बाबा मध्येच पाणी प्यायले, तर त्यानं ते 'रिकामा वेळ' म्हणून लिहिलं. हे सांगताना मात्र बाबा हसायचे नाहीत.

"आणि त्या मेल्याचं मिनिटसुद्धा आपल्यासारखं नाही रे," ते म्हणायचे. "आपलं साठाचं. त्याचं शंभराचं." त्या घड्याळाच्या तबकडीवर मिनिटाचे साठ नव्हे, शंभर भाग पाडलेले असत. हिशेबाला सोपं पडतं म्हणून.

ते हिशेबाला खरंच सोपं पडतं. मला माहीत आहे, कारण मी घड्याळवाला झालो.

माझ्या हुद्द्यात घड्याळ हा शब्द नाही. मी जर्मनीत असतो, आणि जर्मनांनी या कामाला टाक्टझाइट, म्हणजे एकेका टप्प्याला ठरवून दिलेला वेळ, असा भारदस्त शब्द दिला आहे. आमच्या कारखान्यात गाडीचे दरवाजे जोडले जातात, साधारण मिनिटाला एक दरवाजा पुढे सरकतो, आणि त्या मिनिटात कामगाराच्या हातांनी काय काय केलं हे मोजून त्यातले सेकंद काढून टाकणं, हे माझं काम. दोन वर्षांपूर्वी मी एका ठिकाणचे सात सेकंद काढले तेव्हा साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. मी घरी येताना केक आणला. बाबांना मात्र सात वर्षं सांगत आलो, की मी प्लॅनिंगमध्ये आहे. बाबांनी सोसायटीत सगळ्यांना सांगितलं, मुलगा जर्मनीत प्लॅनिंगला असतो. खोटं बोल पण रेटून बोल म्हणतात, तसं मी रेटलं.

गेल्या उन्हाळ्यात बाबा पहिल्यांदाच आमच्याकडे आले, तीन महिन्यांसाठी. बहिणीचं बाळंतपण असल्यामुळे आई आली नाही. आम्ही राहतो ते गाव रेगेन्सबर्गपासून गाडीनं तासाभरावर. बघण्यासारखं फार काही नाही, पण गावाला बेसबॉलचा क्लब आहे आणि त्यांचा संघ वरच्या लीगमध्ये खेळतो. अमेरिकेहून आणलेले दोन-तीन खेळाडू पगारी, बाकीचे आठवडाभर नोकऱ्या करून शनिवारी मैदानावर येणारे.

माझा एक सहकारी या क्लबच्या कार्यकारिणीवर होता. त्यांची तक्रार जुनीच, सामने फार लांबतात. साडेतीन-साडेतीन तास. मुलंबाळं घेऊन आलेले लोक अर्ध्यात उठून जातात. तिकडे अमेरिकेत म्हणे चेंडू टाकणाऱ्याच्या मागे आता घड्याळच लावलंय. इथे निदान वेळ कुठे जातो ते तरी कळायला हवं. "अरे, तू तर रोज हेच करतोस," तो मला म्हणाला. "एक सामना मोजून देशील?"

सात वर्षांत या गावातल्या कुणी माझ्याकडे ऑफिसबाहेरचं काही मागितलं नव्हतं. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग! मी त्याच रात्री टॅब्लेटवर तक्ता करून ठेवला. सहकाऱ्याची एकच अट होती, की त्यांच्या मुख्य पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, यातलं काही कळू द्यायचं नाही. सगळ्यात हळू तोच. कळलं तर तो घाई करणार आणि आकडे खोटे येणार.

आता आमच्या कारखान्यात असं करताच येत नाही. कुणाचा वेळ मोजायचा तर त्याला आधी सांगावं लागतं, कामगारांच्या समितीला सांगावं लागतं, कागदावर सह्या लागतात. हा नियम मला झोपेत विचारला तरी सांगेन. पण इथे खेळ आहे, काम नाही, अशी मी स्वतःची समजूत घातली आणि "गेनाऊ", अगदी बरोबर, म्हणून मोकळा झालो.

शनिवारी मी निघालो तर बाबा म्हणाले, मीही येतो. नाही कसं म्हणणार?

आम्ही पहिल्या रांगेत जाळीजवळ बसलो. मी टॅब्लेट मांडीवर घेतला.

"हे काय?" बाबांनी विचारलं.

"स्कोअर लिहायचाय बाबा. क्लबवाल्यांनी सांगितलंय."

बाबांचा चेहरा फुलला. शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. बाबांनी त्यांच्याकडे बघून माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि "सन. स्कोअर," असं सांगून टाकलं. गृहस्थांनी अंगठा वर केला. मी मान खाली घालून बटण दाबलं.

खेळ सुरू झाला, म्हणजे जेवढा होतो तेवढा झाला. पिचर चाळिशीला टेकलेला माणूस, एरवी घरोघरी हीटर दुरुस्त करणारा. तो चेंडू हातात घ्यायचा, दोन्ही तळव्यांत चोळायचा, आकाशाकडे बघायचा. हाताला पकड यावी म्हणून ठेवलेली राळेची पिशवी उचलायचा, टाकायचा. टोपी काढून कपाळ पुसायचा. समोरून चेंडू झेलणारा कॅचर बोटांनी खुणा करायचा, हा मान हलवायचा, नाही. पुन्हा खुणा, पुन्हा नाही. आता टाकतो असं वाटेपर्यंत मागे सरकून बूट झटकायचा. मी प्रत्येक चेंडूला बटण दाबत होतो आणि माझ्या अंगाची लाही लाही होत होती. टाक की बाबा एकदाचा!

माझे खरे बाबा मात्र रंगात आले होते. ब्रेत्झेल नावाच्या खारट पावावरचे मिठाचे खडे नखानं एकेक काढत ते सामना बघत होते. ओव्हर किती बॉलची, त्यांनी विचारलं. ओव्हरच नसते म्हटल्यावर, वेळेची मर्यादा किती. तीही नसते. "म्हणजे संपेल तेव्हा संपेल?" त्यांना हे फारच आवडलं. थोड्या वेळानं मला कोपरानं ढोसून म्हणाले, "बघ, बघ, हा हात जड करतोय. मुद्दाम! समोरच्याला ताटकळत ठेवून त्याचं डोकं फिरवायचं. आपला माणूस आहे हा."

तिसऱ्या डावापासून प्रत्येक चेंडूआधी ते हलक्या आवाजात म्हणू लागले, "सावकाश रे गड्या, सावकाश." मी लिहीत होतो. बावन्न. अठ्ठेचाळीस. एकसष्ट.

पाचव्या की सहाव्या डावात बाबांनी चष्मा पुसला, घातला, आणि सहज माझ्या मांडीवर नजर टाकली. मला वाटलं, बघू देत, त्यांना काय कळणार आहे. स्क्रीनवर घड्याळ पळत होतं. सवयीनं मी ते कारखान्यातल्यासारखंच लावलं होतं. आकडे अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ झाले आणि तिथे न थांबता एकसष्ट, बासष्ट, पासष्ट करत पुढे गेले. बाबा बघत राहिले. चेंडू पडला, मी बटण दाबलं, आकडा त्र्याहत्तरवर थांबला.

"हे शंभराचं मिनिट आहे," बाबा म्हणाले.

लोक कशासाठी तरी टाळ्या वाजवत होते.

"तू हेच करतोस का? कंपनीतही?"

"हो," मी म्हणालो.

त्यांनी रागवायला हवं होतं. नक्कल तरी करायला हवी होती. त्यांनी ब्रेत्झेलचा उरलेला तुकडा कागदात नीट गुंडाळून पिशवीत ठेवला आणि मैदानाकडे बघत विचारलं, "त्याला माहितीये?"

"नाही."

"आमचा निदान मागे उभा राहायचा," बाबा म्हणाले. "दिसायचा."

नंतरचे डाव कसे गेले ते आठवत नाही. एवढंच सांगतो, की मी मोजणं थांबवलं नाही. शेजारी वडील बसलेत, त्यांना सगळं कळलंय, आणि माझा अंगठा आपला बटण दाबतोय. थांबलो असतो तर तक्ता अर्धवट राहिला असता, आणि सोमवारी सहकाऱ्याला काय सांगणार, हीच मला काळजी. लाज वाटत होती पण ती अंगठ्यापर्यंत पोचत नव्हती.

सामना आमच्या गावानं जिंकला. खेळाडू जाळीपाशी येऊन लोकांशी हात मिळवू लागले. तो पिचरही आला. बाबा त्या गर्दीत एकटेच असे वेगळे दिसत होते, म्हणून की काय, तो त्यांच्यासमोर थांबला आणि त्यांचा हात हातात घेतला. बाबांनी तो सोडला नाही. मला म्हणाले, "सांग त्याला. म्हणावं, आज तुझा वेळ मोजलाय. पुढच्या खेपेला लक्ष ठेव."

पिचर माझ्याकडे बघत होता. घामेजलेला, थकलेला, खूश. आम्हा तिघांमध्ये मीच एकटा असा, ज्याला दोन्ही भाषा येत होत्या.

मी जर्मनमध्ये म्हणालो, "माझे वडील म्हणतात, तुम्ही फार छान खेळलात."

तो हसला. छातीवर हात ठेवून बाबांपुढे थोडा वाकला. बाबा त्याच्या हसण्याकडे बघत राहिले. मग त्यांनी त्याचा हात सोडला.

"नाही सांगितलंस," गाडीत बसताना ते म्हणाले. "सांगितलं असतंस तर तो हसला नसता."

घरी पोचल्यावर मी जेवणाआधीच तक्ता सहकाऱ्याला पाठवून दिला, कारण उद्यावर टाकला असता तर कदाचित पाठवता आला नसता. वर आभार मानणारं त्याचं उत्तरही लगेच आलं. पुढच्या सामन्यांत तो पिचर सुरुवातीला चेंडू टाकायला उतरेनासा झाला. माझ्या तक्त्यामुळे की वयामुळे, मी विचारलं नाही. विचारायची सोय मी ठेवली नव्हती.

जेवताना बायकोनं विचारलं, "कसा होता खेळ, बाबा?"

"छान," बाबा म्हणाले. "निवांत."

जेवणं झाली, बायको भांडी मशीनमध्ये लावत होती. बाहेर अजून चांगला उजेड होता. बाबा बाल्कनीत बसले होते. मी जाऊन शेजारी बसलो. मला माफी मागायची होती. सुरुवात कुठून करावी ते जुळवत होतो. तेवढ्यात त्यांनीच विचारलं. आवाजात राग नव्हता, थोडी थट्टाच होती. मला सावरून घ्यायचा त्यांचा तो प्रयत्न असावा, असं आता वाटतं.

"काय रे, माझाही वेळ मोजलास की काय कधी?"

नाही म्हणायचं होतं. हसून, छे हो बाबा, काहीतरीच काय, एवढंच. त्यांनी माझ्यासाठी दार उघडं ठेवलं होतं. पण मी ते वाक्य ऐकलं आणि डोक्यात आकडा तयार होता. पहिल्या आठवड्यात डॉक्टरांची वेळ चुकली, बस चुकली, तेव्हापासून बाबांना घराबाहेर पडायला किती वेळ लागतो यावर मी लक्ष ठेवत होतो. चला म्हटल्यापासून स्वेटर, बूट, चष्मा, किल्लीची खात्री, जिन्यात परत एकदा मागे. बायकोच्या आणि माझ्या फोनमधल्या कॅलेंडरमध्ये मी प्रत्येक कार्यक्रमाआधी बाबांच्या नावानं तेवढी जागा राखून ठेवली होती.

"बावीस मिनिटं," मी म्हणालो.

बाबांनी मान हलवली. "साठाची ना?" त्यांनी विचारलं. मी हो म्हणालो. थोड्या वेळानं ते उठून झोपायला गेले.

दुसऱ्या दिवशी रविवार. दहा वाजता निघून रेगेन्सबर्गचा जुना पूल बघायला जायचं ठरलं होतं. मी साडेसातला चहा करायला उठलो, तर बाबा दारापाशी खुर्चीवर बसलेले. अंघोळ झालेली, स्वेटर घातलेला, बुटांच्या नाड्या बांधलेल्या, पिशवी मांडीवर.

"अहो बाबा, अजून अडीच तास आहेत," मी म्हणालो.

"असू दे," ते म्हणाले. "माझ्यामुळे उशीर नको."