नव्या डिस्कला कुंकू

आमच्या बोरिवलीच्या घरातला कॉम्प्युटर चालू व्हायला इतका वेळ घ्यायचा की बाबा सकाळी बटण दाबून थेट स्वयंपाकघरात जायचे. तिथे आईबरोबर मेथी निवडायची, चहा प्यायचा, शेजाऱ्यांची यथेच्छ निंदा करायची. निवृत्तीनंतरही बाबा तिच्या वाट्याला यायचे ते एवढेच. एकदा स्क्रीन उजळला की पत्त्यांचा डाव आणि बाबा. मग जेवायलासुद्धा हाका माराव्या लागत.

मला त्या डब्याचा वैताग आला होता. मी नवी एसएसडी डिस्क आणली आणि जेवताना तिच्या वेगाची भरपूर बढाई मारली. बाबा खूश. आईने विचारलं, "म्हणजे बटण दाबलं की लगेच चालू?"

"लगेच."

ती भात वाढायला उठली. मला वाटलं, पटलं तिला.

रविवारी डबा उघडून, धुळीने शिंकून बेजार झाले आणि बघते तर डिस्क गायब. देवघरात सापडली. नवी वस्तू आमच्याकडे आधी देवापुढे जाते, मिक्सर असो की मोबाइल. ते ठीक. पण आईने ओलं कुंकू नेमकं सोनेरी पिनांवर थापलं होतं, वर अक्षता.

"आई, इथे केबल लागते गं."

"मला काय ठाऊक? सोनेरी दिसलं, म्हटलं हेच तोंड. कुंकू काय पाठीला लावतात?"

जोडली, तर कॉम्प्युटर तिला ओळखच देईना. आई दारात उभी राहून हळहळली, "राहू दे गं मग. जुनी काय वाईट आहे?"

"मुद्दाम केलंस ना?" मी भडकले. तिला एकाएकी गॅसवरची आमटी आठवली.

मीही हट्टाला पेटले. जुना टूथब्रश आणि स्पिरिट घेऊन पिना घासल्या. दुपारी कॉम्प्युटरला डिस्क दिसली एकदाची. जुनीवरचं सगळं नवीवर उतरवलं, स्क्रू पिळले, बटण दाबलं. बाबांनी चष्मा चढवायच्या आत पत्ते हजर.

"झकास," बाबा म्हणाले. आईही "छान" म्हणाली आणि आत गेली. मला एकदम वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी बाबांनी बटण दाबलं. स्क्रीन लख्ख उजळला. ते जरा वेळ बघत राहिले, मग उठून स्वयंपाकघरात गेले आणि लसूण सोलायला बसले.

"चालू नाही झाला?" आईने विचारलं.

"नाही ना. हिने काय बिघडवून ठेवलंय कोण जाणे."

ओट्यापाशी उभं राहिलं की हॉलमधला स्क्रीन सरळ दिसतो. "होऊ दे सावकाश," आई म्हणाली आणि तिने चहाचं आधण ठेवलं.