आधी काय काढायचं

माझं वजन बहात्तर किलो आहे, असं मी कुवेतमध्ये सात वर्षं धरून चाललो होतो. नोकरीवर रुजू होताना कंपनीच्या डॉक्टरनं कार्डावर लिहिलेला तो आकडा. पुढच्या सात वर्षांत बायकोनं केलेल्या पुरणपोळ्या आणि फहाहीलच्या बेकरीतल्या खुबूस रोट्या यांचा त्या आकड्याशी काही संबंध असेल, असं माझ्या मनातही आलं नाही. गंमत म्हणजे माझं कामच मापं तपासण्याचं. कारखान्यातले दाबाचे, तापमानाचे, वजनाचे काटे खरं बोलतायत की नाही हे दर सहा महिन्यांनी मी पाहत असे आणि हाताखालच्या पोरांना सांगत असे की कुठल्याही आकड्यावर आंधळा विश्वास ठेवू नका.

हे एवढ्यासाठी सांगतोय की फिंतासच्या आमच्या इमारतीत प्रवासाच्या बॅगा मोजायचा मान माझ्याकडे होता. नव्वदच्या दशकाचा तो शेवट. जून आला की शाळा बंद व्हायच्या, बायका-मुलं आधी भारतात जायची आणि नवरे मागाहून जुलैत. त्या पंधरा दिवसांत जिन्यात सगळीकडे चिकटपट्टी ओढल्याचा कर्रकर्र आवाज यायचा. खिडक्या बंद असल्या तरी समुद्राकडून येणारा दमट वास घरात शिरायचा आणि डांबराच्या गोळ्यांच्या वासात मिसळायचा. अजूनही कपाटात डांबराची गोळी दिसली की मला पुण्याआधी फिंतास आठवतं.

विमानात माणशी तीस किलोची एक बॅग. माझ्याकडे न्हाणीघरात ठेवतात तसला छोटा काटा होता. त्यावर बॅग ठेवली की आकडा झाकला जायचा, म्हणून मी स्वतः बॅग उचलून काट्यावर उभा राहायचो आणि आलेल्या आकड्यातून बहात्तर वजा करायचो. सोपं गणित. बहात्तरच्या जागी शहात्तर झाले होते, एवढाच त्यात दोष. म्हणजे माझ्या हातून मोजलेली प्रत्येक बॅग खऱ्यापेक्षा चार किलो जड भरत होती आणि इमारतीतले सगळे लोक माझ्या शब्दावर चार-चार किलो सामान बाहेर काढत होते.

त्या जूनमध्ये आमच्या मुलीला, बारा वर्षांची होती, सुट्टीचा अभ्यास मिळाला होता. पुस्तकात एक धडा होता: अमेरिकेतल्या एका मोठ्या शहरात हैतीहून आलेले लोक आणि आफ्रिकेतल्या देशांतून आलेले लोक यांची आर्थिक परिस्थिती. दोन रकाने आखून तुलना करायची आणि शेवटची एक ओळ स्वतःच्या निरीक्षणातून भरायची. माझ्यातला इंजिनिअर लगेच पट्टी-पेन्सिल घेऊन बसला.

धडा मी तिच्याआधी वाचला. हैतीवाले बरेचसे होड्यांतून आलेले, एकाच गल्लीत नातेवाइकांना धरून राहणारे. हॉटेलच्या मुदपाकखान्यात राबणारे, म्हाताऱ्यांची सेवा करणारे. आफ्रिकेतून आलेल्यांत पदव्या घेतलेले पुष्कळ, पण पदवी पेटीत आणि हातात टॅक्सीचं चाक. धड्यात एक चित्र होतं. निळा प्लॅस्टिकचा ड्रम, माणसाच्या कमरेएवढा. हैतीवाले महिनोन्महिने त्यात तांदूळ, तेल, साबण, कपडे भरत राहतात आणि भरला की जहाजानं घरी पाठवतात.

मुलीनं ते चित्र बघितलं, मग दिवाणखान्यात उघड्या पडलेल्या आमच्या बॅगा बघितल्या.

"बट बाबा, वुई आर ऑल्सो इमिग्रंट्स ना?"

मी म्हटलं, "आपण कुठले? आपण इंजिनिअर."

स्वयंपाकघरातून बायको म्हणाली की हो, आणि इंजिनिअरांची बॅग ही बॅग नसून सूटकेस असते. ती हॉस्पिटलच्या लॅबमध्ये होती. दिवसभर सगळ्या देशांच्या माणसांचं रक्त एकाच रंगाचं बघून आल्यामुळे तिला माझ्या असल्या बोलण्याचं फार कौतुक नसे.

मुलीनं तिसरा रकाना आखला आणि वर 'मराठी' असं लिहिलं. निरीक्षणाच्या ओळीत काय लिहावं यावर तिनं दोन दिवस विचार केला आणि मग प्रश्न लिहिला: सामान जास्त झालं तर आधी काय काढतात? मला तो प्रश्न फारच आवडला. मराठी रकान्याचं उत्तर मी तिथल्या तिथे सांगून टाकलं. नवऱ्याच्या काकूंसाठी घेतलेले साबण. आमच्या तिथल्या मराठी मंडळात हा माझा ठरलेला विनोद होता आणि त्यावर बायकाही हसायच्या. तिनं ते लिहून घेतलं. हैतीच्या रकान्यात काय लिहायचं ते पुस्तकात नव्हतं. मी म्हटलं, ड्रमला वजनाची अट नसते, झाकण लागलं की झालं. तिनं तिथे 'विचारायला पाहिजे' असं लिहिलं. आफ्रिकेच्या रकान्यासाठी मात्र आम्हाला लांब जावं लागलं नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर एका लेबनानी कुटुंबाकडे इथिओपियाची एक मुलगी कामाला होती. मुलगीच म्हणायची, पंचविशीतली असेल. पाच वर्षांत एकदाही घरी गेली नव्हती. तिनं शुक्रवारच्या बाजारातून जुनी हाताची शिलाई मशीन मिळवली होती आणि मोकळ्या वेळेत इमारतीतल्या बायकांचे कपडे उसवून-शिवून द्यायची. आमच्या मुलीच्या युनिफॉर्मची कड दरवर्षी तीच उतरवायची. तिच्या रीतीप्रमाणे ती बायकोला मदाम आणि मला बाबा म्हणे. आता ती कायमची परत चालली होती. भावाच्या घराला लागून एक खोली होती, तिथे मशीन टाकायची आणि शिवणकाम सुरू करायचं, असं तिनं बायकोला मोडक्या अरबीत कितीदा तरी सांगितलं होतं. मशीन जहाजानं पाठवायचा खर्च मशीनपेक्षा जास्त होता. ती तीस किलोंतच बसायला हवी होती.

आमच्या लोकांचं जाणं होतं त्याच्या आदल्या दिवशी ती बॅग घेऊन खाली आली. मी दोन्ही हातांनी बॅग उचलून काट्यावर चढलो, श्वास रोखला, खाली बघितलं आणि वजाबाकी केली. चौतीस.

तिनं बॅग तिथेच जमिनीवर उघडली. प्रत्येक पुडक्यावर चिठ्ठी डकवलेली होती, तिच्या लिपीत. बायकोनं विचारलं तशी ती एकेका चिठ्ठीवर बोट ठेवून सांगत गेली. आई. थोरला भाऊ. धाकटी बहीण. बहिणीचं बाळ, जे तिनं अजून पाहिलंही नव्हतं. दोनदा तिनं बाळाचे बूट बाहेर काढले आणि परत ठेवले. मशीन मधोमध होती, टॉवेलात गुंडाळलेली. तिच्यावर चिठ्ठी नव्हती.

तिनं मशीन बाहेर काढली.

बायको म्हणाली, अगं ती नको, दुसरं काही काढ. मीही मान हलवली. ती म्हणाली, "माकू मुश्किला, बाबा." म्हणजे काही अडचण नाही. मग मशीन तिनं आमच्या मुलीच्या पुढ्यात सरकवली आणि शीक असं खुणेनं सांगितलं. मी पुन्हा वजन केलं. आता सहा किलोंची जागा झाली होती. वरच्या मदामनं दिलेले दुधाच्या पावडरचे डबे त्यात बसले. बरोब्बर तीस. मी समाधानानं हात झटकले. त्या समाधानाची आठवण झाली की अजून कानशिलं गरम होतात.

मुलीनं आफ्रिकेच्या रकान्यात लिहिलं: शिलाई मशीन.

दुसऱ्या दिवशी सकाळी विमानतळावर काउंटरवरच्या माणसानं बायकोची बॅग पट्ट्यावर घेतली. सव्वीस. मुलीची बॅग. सव्वीस. तो हसून म्हणाला, "मॅडम, अभी और चार-चार किलो ले जा सकते हैं."

मी म्हटलं, यांचा काटा बिघडलेला दिसतो.

बायकोनं माझ्याकडे बघितलं. मग नजर जरा खाली आली आणि माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणावर थांबली. ती लॅबमधली बाई, तिला दोन निकाल जुळवायला फार वेळ लागत नाही. ती चिडेल, ओरडेल अशी तयारी करून मी उभा होतो. ती एवढंच म्हणाली, "ती उद्या दुपारी जातेय ना?"

माझ्या डोक्यात तोवर काकूंचे साबणच होते. मग चौतीसमधून चार वजा झाले. मशीन धरून तिची बॅग बरोब्बर तीस किलो होती.

मी घरी आलो तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मुलीनं मशीन आमच्या कपाटाच्या वरच्या खणात ठेवली होती. स्टुलावर चढून ती ओढली, तर तिच्यामागे एक प्लॅस्टिकची पिशवी दिसली, चेनची, हँडलवाली. आत ब्लँकेट. त्या काळी कुवेतहून जाणारा प्रत्येक माणूस नेई तसलं जाड, लोकरी, वर मोठी गुलाबाची फुलं. पिशवीवर बायकोच्या अक्षरातली चिठ्ठी डकवलेली. 'आई.'

ते ब्लँकेट घ्यायला मीच फहाहीलच्या बाजारात तिच्याबरोबर गेलो होतो. तीन वर्षांपूर्वी. नाशिकची थंडी आणि सासूबाईंचे सांधे, यावर दुकानात आमची चर्चाही झाली होती. त्यानंतरच्या प्रत्येक जूनमध्ये मी काट्यावर चढत होतो, "चार किलो जास्त, काढा काहीतरी" असं सांगत होतो आणि चहा प्यायला शेजारी जात होतो. काय काढलं ते बघायला मी कधी थांबलोच नव्हतो. काकूंना साबण मात्र दरवर्षी पोचत होते. त्यांची पत्रं यायची.

ब्लँकेट मी तिथेच ठेवलं. आधी मशीन.

आमच्या काट्यावर माझा आता विश्वास नव्हता, म्हणजे खरं तर माझ्यावरच नव्हता. मशीन खांद्यावर घेऊन वर गेलो, तिला बॅग घेऊन खाली चल असं खुणेनं सांगितलं. खालच्या किराणा दुकानात कांद्याच्या गोणी मोजायचा सपाट काटा होता. दुकानदार मल्याळी, माझ्या ओळखीचा. म्हटलं, आधी मला मोज. त्यानं मोजलं आणि शहात्तर असं दुकानातल्या चार गिऱ्हाइकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगितलं.

तिला काय झालंय ते कळेना. माझं अरबी आकड्यांपुरतंच. मी पोटावर थाप मारली आणि म्हटलं, "आना. अर्बा किलो." मी. चार किलो. ती तोंडावर हात ठेवून हसायला लागली. मागचा दुकानदारही हसला. पाच वर्षांत तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि तेही माझ्या खर्चानं, पण त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही.

तिनं गोणींच्या मध्ये बसून बॅग उघडली, दुधाचे डबे एकामागून एक बाहेर काढले आणि मशीन टॉवेलसकट जागेवर बसवली. बंद करण्याआधी टॉवेल सोडून सुई जागेवर आहे ना ते बघितलं. बाळाचे बूट मशीनच्या पोटात, चाकाखालच्या पोकळीत सारले. बॅग काट्यावर चढवली. काटा तीसवर येऊन थोडा थरथरला आणि थांबला. तिनं दुकानदाराकडून कागदाचा तुकडा मागून घेतला, त्यावर काहीतरी लिहिलं आणि तो मशीनच्या टॉवेलात खोचला. काय लिहिलं ते मी विचारलं नाही. तिचं नाव असावं.

डबे तिनं मला दिले. महिनाभर एकट्यानं पावडरच्या दुधाचा चहा प्यायलो.

जुलैत मी पुण्याला गेलो तो पन्नास अंशांच्या गरमीतून थेट गार पावसात. बॅग मी कांद्याच्या काट्यावर मोजून नेली होती. उघडल्यावर सगळ्यात वर ते ब्लँकेट. बायकोनं चेन उघडली, हात फिरवला, चिठ्ठी होती तशीच राहू दिली आणि पुन्हा चेन लावली. म्हणाली, रविवारी नाशिकला जाऊ. मला वाटलं, सुटलो.

संध्याकाळी मुलगी जमिनीवर पालथी पडून तक्ता स्वच्छ कागदावर उतरवत होती. शिलाई मशीन लिहून झालं होतं. मराठी रकान्यापाशी येऊन तिनं वाचलं, "नवऱ्याच्या काकूंचे साबण." मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. बायको भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "खोड ते. तिथे लिही, आईचं ब्लँकेट."

मुलीनं खोडलं, लिहिलं. मग भरलेले दोन्ही रकाने बघून तिनं विचारलं की आता यांची तुलना कशी करायची.

"तसंच राहू दे. बाईंना कळेल," बायको म्हणाली. मेथीची एक काडी मोडली आणि माझ्याकडे बघितलं. "आणि खाली एक टीप दे, की वजनं बाबांनी केलेली आहेत. प्रत्येकी चार किलो कमी धरावेत."