आधी वाचा, मग कुलूप

दारात आलेल्या माणसाशी आधी बोलावं, मग काम सांगावं, असं तानाजी म्हणायचा, आणि कॉम्प्युटरलाही त्यानं तेच शिकवलं होतं. तासगावच्या आमच्या बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये मशीन त्याच्याकडे, खोल्यांच्या चाव्या माझ्याकडे. तो म्हसवडचा, फौजेत सिग्नलला होता. मी चौथी नापास. सकाळी मशीनमध्ये नाव आणि परवलीचा शब्द टाकला की काळ्या पडद्यावर पहिल्यांदा त्याचं लिखाण यायचं: 'रामराम तात्या. खोली एकमध्ये फरशी ओली आहे. जपून.' मी ते कामावरच्या बायकांना मोठ्यानं वाचून दाखवायचो, मगच कुलूप काढायचो.

त्या पडद्यावर मराठी धड उमटायची नाही. काना एकीकडं, मात्रा दुसरीकडं. इंग्रजीत लिही, मी कुणाला तरी विचारीन, म्हटलं, तर उखडला. "इचारायला लागलं तर ती सूचना कसली, तात्या? पहारा बदलताना गडी गड्याला सांगूनच जातो." तीन दिवस बसून त्यानं अक्षरं जुळवली.

मग मालकांनी सांगलीहून शिकलेला साहेब आणला. हा काय गावचा फळा आहे का, म्हणाला, आणि तानाजीचं लिखाण पुसून तिथं इंग्रजीत कंपनीचं नाव घातलं, वेलबुट्टीसकट. तानाजीला त्या पडद्यावरच्या लिखाणाला हात लावायची बंदी.

पुढं खोली दोनची आतली कडी मोडली. तानाजीनं दारावर कागद चिकटवला, तो गारठ्याच्या ओलीनं गळून पडला. पडद्यावर सूचना नाही म्हणजे सगळं ठीक, असं मी जुन्या सवयीनं धरलं आणि दार उघडलं. कामावरच्या सुलाबाई आत गेल्या, दार मागं लागलं, ते आतून उघडेना. पाऊण तासानं सापडल्या. वाचल्या, पण परत कामावर आल्या नाहीत.

साहेबानं ठपका तानाजीवर ठेवला आणि त्याला कामावरून काढलं. मी चाव्या हातात घेऊन तिथंच उभा होतो, आणि गप्प राहिलो. साहेबापेक्षा माझ्या त्या गप्प राहण्याचाच मला जास्त राग येतो.

जाताना तानाजीनं मला मशीनपुढं बसवलं, लिखाण कुठं असतं, कसं बदलायचं ते दाखवलं. "आता पहारा तुमचा," एवढंच म्हणाला.

गेल्या महिन्यात तो म्हसवडला वारला. कळलं त्याच सकाळी मी एका बोटानं ती वेलबुट्टी पुसली आणि लिहिलं: 'रामराम. खोली दोनची कडी अजून मोडलेलीच आहे. तानाजीनं सांगितलं होतं.'

साहेब तणतणत आला, दार उघडा म्हणाला. मी जुडगा मुठीत धरला.

"आदी मोठ्यानं वाचा," म्हटलं, "मग काढतो कुलूप."