मामीच्या बोटांतलं वारं

किशोरदादाचा फोन आला तेव्हा मी नंदुरबारच्या बसस्टँडवर पत्रकं वाटत होते. किशोरदादा म्हणजे माझा मामेभाऊ, कळसाडीचा. तो एरवी मला फोन करत नाही, कारण केला की आमचं भांडण होतं. त्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "माय गई." मी विचारलं, अशी कशी गेली? "कापूस येची ऱ्हायनती. जराशी टेकस म्हने, बांधवर बठनी... नि उठनीच नही." माझ्यासमोर एक बाबा पत्रकासाठी हात पुढे करून उभे होते. पत्रकावर मोठ्या अक्षरांत छापलं होतं, 'भगत नको, दवाखाना हवा.' वाक्य माझंच. आमच्या चळवळीच्या टोळीत सगळी पत्रकं मीच लिहिते, आणि ती झोंबतात असं लोक सांगतात. ते वाक्य मी तालुक्यातल्या कितीतरी गावांत ओरडून सांगितलं आहे. ज्या एका घरात ते सांगायलाच हवं होतं तिथे मी गप्प बसले. ते घर सुमनमामीचं.

कॉलेजची सगळी वर्षं मी तिच्याकडे राहून काढली. लोणखेड्याचं कॉलेज तिथून सोयीचं, आणि आईला वाटायचं मामीच्या धाकात पोरगी नीट राहील. धाक कसला! मामी स्वयंपाक करताना परातीवर ठेका धरायची आणि पोळी करपली की मला ओरडायची, तू दखी नही का म्हणून. मामाला भजनाचं वेड. रोज संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तो ओट्यावर बसून गायचा. त्याला ढोलकीची साथ करणारा मित्र कामाला म्हणून सुरतेला गेला तो तिकडचाच झाला. मग मामाने एकदा सुरतेच्या बाजारातून कुणीतरी वापरून टाकलेलं ड्रम मशीन आणलं. जेवणाच्या डब्याएवढं, वर रबरी चौकोन. एक दाबला की ढोलकीची थाप, दुसरा दाबला की मंजिरी, तिसऱ्यात ढोल. त्यात तयार ठेकेही भरलेले होते. मामाची कल्पना अशी की एक बटण दाबायचं आणि गात सुटायचं. पण मामा गाताना मध्येच डोळे पुसायचा, एखादी ओळ आवडली की तिथेच घुटमळायचा, आणि मशीन काही त्याच्यासाठी थांबायचं नाही. ते आपलं पुढे निघून गेलेलं. एका संध्याकाळी मामीने पदराला हात पुसले, त्याच्यासमोरून मशीन ओढून घेतलं, तयार ठेका बंद केला आणि बोटांनी वाजवायला लागली. मामा घुटमळला की तीही घुटमळायची.

"जरा सबूर धर ना वं," मामा म्हणायचा.

"तुम्ही आधी तालमा या, मंग धरस सबूर," मामी.

गल्लीतली माणसं ऐकायला येऊन बसायची. मामाच्या आवाजाची तारीफ करायची आणि निघून जायची. साथ कोण करतंय ते सगळ्यांना दिसत होतं, पण वाजवायला तर मशीन आहे, त्यात बाईचं काय, असंच सगळे धरून चालले होते. मीही. मी तेव्हा पहिलंवहिलं पत्रक लिहीत होते, विषय होता स्त्रियांचे दुर्लक्षित श्रम... आता हे लिहिताना माझे कान तापतात.

मामा वारला आणि घरातला आवाज गेला. वरीस होईपर्यंत गाणं नाही, सण नाही, गोडधोड नाही. किशोरदादाने टीव्हीवर चादर टाकली. दारावर, म्हणजे दुखवट्याला, येणाऱ्या बायकांची रांग लागली. मामी भिंतीला टेकून बसायची, बायका तिच्याभोवती. महिना दीड महिना झाला आणि गावात कुजबुज सुरू झाली, सुमनचं काहीतरी बिघडलं. कुणी मागच्या खिडकीतून बघितलं होतं, दुपारची ती आतल्या खोलीत एकटीच बसलेली, डोळे मिटलेले, मान डुलतेय, ओठ हलतायत आणि गोधडीखाली बोटं उड्या मारतायत. चारचौघांत बसली तरी गुडघ्यावर बोटं थांबत नव्हती. किशोरदादा घाबरला. त्याने तिला शहाद्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, काही नाही, नवरा गेलाय, वेळ द्या. मग गावाने आपलं निदान केलं, वारं लागलं, म्हणजे बाहेरची बाधा झाली.

मी त्या दुपारी मुद्दाम कॉलेजातून लवकर आले. खोलीत गेले, गोधडी उचलली. मांडीवर मशीन. पदराखालून वायर वर कानात गेलेली. मामीने डोळे उघडले आणि शाळेतली पोर कॉपी करताना सापडावी तसं माझ्याकडे बघितलं. मी हसायला लागले. ती नाही हसली.

"तुन्हा मामाले वाजाडी देस मी," ती म्हणाली. "तो गास ना... माले ऐकू येस."

मी म्हटलं, मग सांग ना दादाला! तो भगत आणायला निघालाय.

"येऊ दे भगत. येडी म्हनतीन ते चालई, वारं लागनं म्हनतीन ते बी चालई. पन नवरा मरना नि बाई वाजाडी ऱ्हायनी... हाई नही चालाव वं बेटा. तुले मन्ही आन शे. कोनले सांगू नको."

इथे मला खरं बोललं पाहिजे. तिने घातलेली आन, ती शपथ, हे निमित्त होतं. आन मोडायला मी काही घाबरत नाही, मी घरातले उपास मोडलेत, सोवळं मोडलंय. मी गप्प बसले कारण त्या क्षणी मलाही तसंच वाटलं, की हे बाहेर समजलं तर बरं दिसणार नाही. आमच्या घराचं नाव जाईल. आजारी बाईची लाज वाटत नाही, वाजवणाऱ्या विधवेची वाटते, ही सगळ्या गावाची अक्कल माझ्याही डोक्यात जशीच्या तशी होती. वरून फक्त पत्रक चिकटवलेलं.

भगत आला. गावात सगळे त्याला बाबा म्हणतात. लिंबू, अंगारा, नारळ, आणि डमरूसारखं एक वाद्य. ताट कुणी धरायचं? घरातल्या पोरीने. मी धरलं. बाबाने वाजवायला सुरुवात केली आणि गोधडी नसताना, कानात वायर नसताना मामीची बोटं गुडघ्यावर त्याच्यामागे धावायला लागली. बायका ओरडल्या, दखा दखा, वारं बोली ऱ्हायनं! बाबालाही जोर चढला. त्याने अंगारा फुंकला, मामीने मान टाकली, बायकांनी हात जोडले. संध्याकाळी मी तिच्याजवळ गेले तर ती मशीन घेऊन बसलेली.

"बाबा लबाड शे," ती कानाशी येऊन म्हणाली. "पन ठेका भलता गोड शे त्याना. मधमा एक थाप गिळी टाकस दख." आणि तिने तो ठेका बोटांतून काढून मशीनमध्ये भरून ठेवला. आम्ही दोघी तोंडात पदर कोंबून हसलो. मजा वाटली मला, चळवळीतल्या मुलीला.

त्यानंतर मामी जपून राहायला लागली. दार लावून वाजवायची, चारचौघांत हात बांधून बसायची. गावाने बघितलं की बोटं थांबली. बाबाचं नाव झालं.

मग शेजारच्या रंजनाला झटके यायला लागले. तिचं पोर अजून अंगावर पीत होतं. दात आवळले जायचे, डोळे फिरायचे, ती चुलीजवळ पडली तेव्हा हात भाजला. तिच्या सासूने तिला बाबाकडे नेलं. एकदा नेलं, गुण नाही, पुन्हा नेलं. मी पत्रक घेऊन त्यांच्या ओट्यावर गेले आणि भाषण सुरू केलं. सासू ज्वारी पाखडत होती. तिने मान वर केली नाही.

"तुन्ही मामीले कोनी बरं कयं? पत्रकनी?"

आजूबाजूच्या बायका हसल्या. माझ्याकडे उत्तर होतं. जिभेच्या टोकावर होतं. मी पत्रकाची घडी घातली आणि घरी आले.

मामी डाळ निवडत होती. मी रागारागात तिला सगळं सांगितलं, जसं काही तिचीच चूक होती. दुसऱ्या दिवशी सकाळी, माणसं शेतात जायच्या आत, तिने मशीन काढलं, मामाचा भजनाचा छोटा स्पीकर काढला आणि डोक्यावरचा पदर नीट करून रंजनाच्या ओट्यावर जाऊन बसली. पदराआड काही नव्हतं. तिने बाबाचाच ठेका वाजवला, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा. मामा गेल्यानंतर गल्लीने ऐकलेला मामीचा पहिला ठेका.

"दखी ल्या," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता, बोटं नाही. "हाई मन्हा आंगमातलं वारं. बटन दाबं का येस, सोडं का जास. माले काहीच व्हयेल नव्हतं. बाबानी काही बरं नही कयं. रंजनाले दवाखानामा लई जा."

मग एक बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "नवरा जाईसन वरीस बी नही व्हयनं, नि हाई थेरं!" मामीने मान खाली घातली. किशोरदादा बैलजोडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी पोचला होता. त्याने आईकडे बघितलं, तसाच वळला आणि दुसऱ्या वाटेने शेतात गेला. पण रंजनाच्या नवऱ्याने मोटरसायकल काढली. तिला दवाखान्यात नेलं. रंजना आज गोळ्या घेते, चुलीजवळ एकटी बसत नाही, पण बरी आहे. पोर अंगणात पळतं.

मामीला त्याची किंमत द्यावी लागली. बायका तिच्या ओट्यावर टेकेनाशा झाल्या. विहिरीवर हसायच्या, ये वं वाजाडनारी. किशोरदादा महिनोन्महिने तिच्याशी बोलला नाही, ताट समोर आलं की जेवायचा, उठायचा. आणि मी काय केलं? मी ही गोष्ट सभांमधून सांगितली. 'आमच्या प्रबोधनामुळे एका कुटुंबाने...' टाळ्या घेतल्या. मामीचं नाव घेतलं नाही, तिची बदनामी होऊ नये म्हणून, असं मी स्वतःला समजावलं. खरं तर नाव घेतलं असतं तर आमचं प्रबोधन उरलंच नसतं. एकदा सुट्टीत कळसाडीला गेल्यावर मी तिला विचारलं, वाजवतेस का गं अजून? म्हणाली, "आते कोनी गानारं नही, ऐकनारं नही. कधीमधी बोटे चाळवस." आणि मला म्हणाली, बस ना जराशी. मला बस पकडायची होती. मी निघाले.

त्या फोननंतर मी कळसाडीला गेले. दारावर माणसं येत होती. तिसऱ्या की चौथ्या दिवशी बाबाही आला. सतरंजीवर बसला, पाणी प्यायला आणि सगळ्यांकडे बघत म्हणाला, "मी कयं व्हतं तिले बरं. पन आयुष्यच कमी व्हतं, काय करशात." लोकांनी माना हलवल्या. काहींनी माझ्याकडे बघितलं. मी वाक्य जुळवत होते. कुठून सुरू करावं, दुःखाच्या घरी किती कडक बोलावं... अजूनही जुळवतच होते.

तेवढ्यात किशोरदादा बोलला. तो टक्कल केलेला, खाली बघत बसला होता.

"बाबा, मन्ही माय आजारी नव्हतीच. ती वाजाडी ऱ्हायनती."

"काय वाजाडे ती?" बाबाने विचारलं.

दादा उठून आत गेला. मशीन घेऊन आला, वायर लावली आणि सगळ्यांच्या मध्ये सतरंजीवर ठेवलं. सुतकाचं घर, पण कुणी नको म्हणालं नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली, मला येत नाही. इतकी वर्षं तिच्या घरी राहिले, कधी म्हटलं नाही, मामी मला शिकव. त्यानेही म्हटलं नव्हतं. मग त्या रबरी चौकोनांतला एक त्याने अंगठ्याने दाबला. ढोलाची एक थाप आली, आणि विरली. दुसरी कधी मारायची ते त्या घरात आता कुणालाच ठाऊक नव्हतं.