पुढच्या नाटकाचं उत्तर

परवा माळा साफ करताना आमच्या पथनाट्य मंडळाचा डफ सापडला. कातडं ढिलं पडलं होतं, म्हणून गॅसवर जरा शेकला, आणि त्या जळकट वासासरशी मी इंदूरजवळच्या देपालपूरच्या आठवडी हाटात पोचले.

कॉलेजातले आम्ही सहा जण. मंडीतल्या खोट्या वजनकाट्यांवरचं आमचं नाटक तेव्हा गावोगाव गाजत होतं. त्या दिवशीही टाळ्या पडल्या, घोषणा झाल्या. मग गर्दीतून लसूण विकायला आलेली एक म्हातारी पुढे आली.

"नाटक तो सही है भिया, पर कल मंडी में तुलाईवाले से मैं क्या बोलूँ?"

 आमचे दिग्दर्शक विनूभाऊ हसून म्हणाले, "अगले नाटक में बताएँगे, माँजी."

इंदूरला परतल्यावर तिला नेमकं काय सांगायचं यावरूनच आमची जुंपली. कुणाला युनियन हवी, कुणाला निवडणूक. महिन्याभरात मंडळ फुटलं. पुढचं नाटक झालंच नाही. कितीतरी वर्षं मी त्याचीच हळहळ करत होते.

परवा डफ हातात घेतल्यावर पहिल्यांदाच लक्षात आलं, तिच्या लसणाची तुलाई, म्हणजे वजन, तर दुसऱ्याच दिवशी होतं. काट्यासमोर उभी राहून ती काय बोलली असेल?